हलता दगड

माझे बाबा गडगे घालतात. गडगा म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे रत्नागिरीत आंब्याच्या बागेभोवती, घरामागच्या परड्याभोवती कमरेएवढी दगडी भिंत असते. तिच्यात माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड, आणि फटीत बोटाएवढ्या दगडाच्या कपच्या ठोकलेल्या. चांगल्या हाताने घातलेला गडगा तीन पिढ्या उभा राहतो. बाबांनी पन्नास वर्षं हेच काम केलं. त्याच कामावर मी बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. मी हे मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे.

आज मी आखातात, जबल अली बंदराजवळच्या एका वेअरहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. कागदांचं काम. मालाच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कंटेनर पोर्टवर अडकतो, म्हणून माझ्या टेबलावरून चुकीचा शब्द पुढे जात नाही. ऑफिसात माझी तशी ख्याती आहे.

बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत, आले होते. व्हिसाच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी ‘रिटायर्ड’ लिहिलं होतं. महिनाभरात त्यांना मॉल दाखवले, उंच इमारती दाखवल्या. ते मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, “सगळी काच. काचेत काय बघायचं गो बाय? आपलंच तोंड.”

त्यांना खरं आवडलं ते माझ्या मुलीच्या पुस्तकातलं एक चित्र. ती दहा वर्षांची. तिला शाळेत या देशातल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांवर प्रोजेक्ट होता. डोंगराच्या पायथ्याशी लांबट, दगडांनी बांधलेली थडगी. एकेका थडग्यात कित्येक माणसं पुरलेली. बाबांनी पुस्तक खिडकीशी नेलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “हे कोणी घातलंय?”

“पीपल, आजोबा. लाँग अगो,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

“माणसांनी घातलं ते दिसतंय. कोणत्या माणसांनी?”

म्हणून शनिवारी आम्ही तिघं ती थडगी बघायला रास अल खैमाला निघालो. नवऱ्याची ड्युटी होती. बाबांचं विमान रविवारी दुपारी होतं, आणि त्यांचा व्हिसा सोमवारी संपत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सिमेंटचे ट्रक मागे टाकत, खजुराच्या बागांमधून गाडी डोंगराशी गेली. पुढे तारेचं कुंपण, फाटक, अरबी आणि इंग्रजी पाटी. बोरीच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक पठाण वॉचमन बसला होता. त्याने माझ्याकडून वहीत आमची नोंद करून घेतली आणि फाटक उघडलं.

“फोटो लो, घूमो,” तो म्हणाला. “हाथ नहीं लगाना. चाचा, आप भी. पत्थर को हाथ नहीं लगाना.”

“नहीं लगाता,” बाबा म्हणाले. हिंदी त्यांना चांगली येते.

थडगी बघायला तशी काहीच नाहीत. छप्पर केव्हाच आत कोसळलेलं. गुडघ्याएवढ्या, कुठे छातीएवढ्या राखाडी दगडांच्या भिंती, टोकं गोलाकार. मला तर ते अर्धवट सोडलेलं बांधकाम वाटलं. बाबा मात्र फाटकातच थांबले. चप्पल काढू का, असं त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. मग ते भिंतीच्या कडेकडेने चालू लागले, हात पाठीमागे बांधून, जसे ते दुसऱ्याने घातलेल्या गडग्याजवळून चालतात.

“इथं दोन हात हायत,” ते मुलीला म्हणाले. “हा बघ. एकावर दोन, दोनावर एक. सांध्यावर सांधा येऊ दिलेला नाय. हा माणूस जाणता. आणि इथून पुढं बघ, हा दुसरा. सगळे सांधे एकाखाली एक. याला घरी जायची घाई होती.”

“टू वर्कर्स?” तिने वहीत लिहून घेतलं. “हाऊ डू यू नो?”

“दगड सांगतो.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिस. शनिवार असला तरी पोर्टला सुट्टी नसते. एका शिपमेंटचे कागद अडकले होते. आवाज तुटत होता, म्हणून मी गाडीपर्यंत आले. दहा मिनिटं बोलले असेन. फोन बंद केला आणि मला तो आवाज आला.

टक. टक टक. थांबून पुन्हा टक.

हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकलाय. दगडाने कपची ठोकल्याचा आवाज. शेवटची टक जरा बारीक येते, तेव्हा कपची बसलेली असते.

मी धावले. माझ्या आधी वॉचमन धावत होता.

बाबा घाई करणाऱ्या माणसाच्या भिंतीशी उकिडवे बसले होते. टोकाजवळचा एक मोठा दगड, जो मघाशी बाहेर कललेला मी पाहिला होता, तो आता सरळ होता. नुसता सरळ नाही, त्यांनी तो उचलून त्याचं तोंड फिरवलं होतं, आणि खाली चार कपच्या मारल्या होत्या. मुलगी शेजारी उभी, हातात बाबांचा चष्मा.

“चाचा, ये क्या किया,” वॉचमन म्हणाला. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा बघून मला जास्त भीती वाटली. “मैंने बोला था ना?”

“हिल रहा था,” बाबा म्हणाले आणि हात झटकले.

आमच्याकडे एक रीत आहे. गडगे घालणारा माणूस रस्त्याने जाताना कुणाच्याही गडग्यात हलता दगड दिसला तर तो बसवल्याशिवाय पुढे जात नाही. गडगा शत्रूचा असला तरी. बाबा म्हणतात, हलता दगड बघून पुढं गेलास, की तो पडेल तेव्हा तुझ्या नावाने पडतो. शाळेत जाताना या रीतीपायी मला कितीदा उशीर झालाय. पण ही रीत ते विमानातून बरोबर घेऊन येतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वॉचमनने मोबाइलवर फोटो काढले, मग खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “बाजी, मैं छुपा नहीं सकता. इसमें सब आ गया. मैं नहीं बोलूँगा तो मेरी नौकरी खलास.”

“भैया, एक मिनट. इनकी कल फ्लाइट है.”

“मैडम को फोन करना पड़ेगा.” आणि त्याने पुरातत्त्व खात्याच्या बाईंना फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, “आ रही है. आप लोग इधर ही बैठो.” माझं आयडी कार्ड त्याने मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

आम्ही झाडाखाली बसलो. मोबाइलवर मी कायदा शोधला. दंड, कैद असे जे दोन-तीन शब्द दिसले ते पुरे होते. केस झाली की पासपोर्ट अडकतो, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. विमान जाईल, व्हिसा संपेल, आणि सत्तरीचा माणूस कुठल्या तरी ऑफिसच्या बाकावर बसेल.

“बाबा, त्या बाई आल्या की सांगा, पाय घसरला. दगडाला धरायला गेलो.”

“पाय घसरला असता तर दगड पडला असता, बाय. बसला नसता.”

“मग काही बोलूच नका. मी बोलेन.”

“का? चोरी केली काय मी?”

“इथे हे आपलं गाव नाही, बाबा.”

“दगड सगळीकडं दगडच.” मग हळू आवाजात, “आणखी दोन पावसात गेला असता तो. मागचे चार घेऊन गेला असता.”

“इथे पाऊस पडत नाही.”

“वहाळ तर पलीकडंच हाय. पाणी येतंच असणार.”

खरं होतं. वादी, म्हणजे इथला कोरडा ओढा, शंभर पावलांवर होती आणि डोंगरात पाऊस झाला की ती भरते. पण मला त्या क्षणी खरं-खोटं नको होतं, त्यांना उद्याच्या विमानात बसवायचं होतं. मी उठून वॉचमनकडे गेले. त्याने मोठ्या मनाने चहा ओतला होता, तो मी घेतला आणि म्हटलं, “भैया, आप मैडम को थोड़ा समझाना. बूढ़े हैं. अनपढ़ आदमी हैं, इनको कुछ समझता नहीं.”

मी आवाज खाली ठेवला होता. पण तिथे डोंगर, तार आणि आम्ही चौघंच. आवाज जाणार कुठे?

“चौथी पास हूँ,” बाबा झाडाखालून म्हणाले. वॉचमनला, मला नाही.

वॉचमन हसला. “चाचा, मुझसे चार ज्यादा.”

मला हसू आलं नाही. मी कप धरून उभी राहिले आणि चहा गार झाला.

पाऊण तासाने पांढरा पिकअप आला. खात्याच्या बाई उतरल्या. तरुण होत्या, तिशीच्या असतील. काळा पायघोळ अबाया आणि खाली साइटवरचे जाड बूट. सलाम झाला, मग त्यांनी माझ्याकडे न बघता आधी भिंत बघितली. टॅबलेटवर जुना फोटो काढून त्या दगडाशी धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग इंग्रजीत विचारलं, “हे कोणी केलं?”

“माझे वडील,” मी म्हणाले. “ते वयस्कर आहेत. त्यांना समजलं नाही. ही इज अनएज्युकेटेड.”

दुसऱ्यांदा. आणि या वेळी माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

बाईंनी सांगितलं ते शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त टोचलं. हा दगड कललेला होता, आणि तो कसा कललाय हेच त्यांना हवं होतं. वरचं छप्पर कुठल्या बाजूला पडलं, ते त्यावरून कळत होतं. आता ते कळणार नाही. माझ्या वडिलांनी भिंत दुरुस्त केली नव्हती, पुस्तकातलं एक पान पुसलं होतं.

मी बाबांना मराठीत सांगितलं, तेवढं मात्र जसंच्या तसं. ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा पडला. “पडलेलं पण ठेवायचं असतं काय?” ते म्हणाले. “हे मला माहीत नव्हतं.” मग उठले आणि भिंतीकडे चालू लागले.

“प्लीज, नो,” बाई म्हणाल्या. वॉचमन आडवा आला.

“तिला विचार, कपच्या काढू काय? मी कुठून कुठून उचलल्या ते दाखवतो.”

मी विचारलं तेव्हा बाईंनी विचार केला, मग होकारार्थी मान हलवली. मोबाइल धरून त्या चित्रीकरण करू लागल्या. बाबांनी पहिली कपची दोन बोटांनी अलगद सोडवली, बारा पावलं चालले आणि एका झुडपाच्या मुळाशी ठेवली. तिथे मातीत तिच्याएवढा खळगा होता. कपची त्यात बसली. दुसरी कुंपणाजवळ. तिसरी थडग्याच्या आतल्या बाजूची, ती त्यांनी बाईंच्याच हातात दिली आणि जागा बोटाने दाखवली, कारण आत जायचं नव्हतं. चौथीला जरा थांबले, इकडेतिकडे पाहिलं, परत फिरले, आणि तिचाही खळगा सापडला. मोठा दगड आता फक्त स्वतःच्या वजनावर बसला होता. हलला नाही.

चौथ्या खळग्याचा फोटो बाईंनी दोनदा काढला.

मग पिकअपच्या बॉनेटवर त्यांनी छापील फॉर्मचं पुस्तक ठेवलं, मध्ये कार्बन घातला. दगडाचं काय करायचं ते त्यांचा माणूस येऊन बघेल. हे प्रकरण त्या स्वतःच्या पातळीवर बंद करू शकतात, पण एका अटीवर. हे अजाणता घडलं, असं लेखी हवं. जाणूनबुजून केलं असेल तर त्यांच्या हातात काही राहत नाही, कागद पोलिसांकडे जाईल. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला समजलं.

त्यांनी इंग्रजीत लिहिलं. ‘अभ्यागत वयस्कर व अशिक्षित असून त्यांना पहारेकऱ्याची सूचना समजली नाही. त्यांच्याकडून नकळत घडलेल्या या प्रकाराबद्दल ते दिलगिरी व्यक्त करतात.’ अशिक्षित हा शब्द त्यांचा नव्हता. तो मीच दिला होता.

पेन बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते उघडलं, आणि कागदाकडे बघत विचारलं, “काय लिहिलंय?”

मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. पण कागद वाचून दाखवताना कधीच बोलले नव्हते. गावात कुठलाही कागद आला, सोसायटीचा, तलाठ्याचा, विजेचा, तर मी वाचायची आणि त्यावर बाबांचा अंगठा नाही, सही व्हायची. चौथीनंतर त्यांची लिहायची सवय गेली होती; ती सही मीच पुन्हा घोटून घेतली होती, मी सातवीत असताना.

“सूचना समजली नाही, असं लिहिलंय काय?” ते म्हणाले. “कारण मला समजली होती. हात लावू नको म्हणाला तो. मी समजून लावला. तसं असेल तर सही नाय करणार मी. माफी मागेन, दगड चुकीचा हलवला त्याची. पण मला समजत नाय म्हणून नाय.”

बाई घड्याळ बघत होत्या. वॉचमन जमिनीकडे बघत होता. माझ्यासमोर ते विमान होतं.

“तसं नाही लिहिलेलं,” मी म्हणाले. माझा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट आला. “लिहिलंय की, हे दगडाचे जाणकार आहेत. दगड पडेल असं वाटलं म्हणून बसवला. इथला नियम वेगळा आहे हे आता कळलं, त्याबद्दल माफी मागतात.”

“मम्मा,” मुलगी म्हणाली. “बट इट सेज...”

“तू गाडीत जाऊन बस.”

ती गेली नाही. पण गप्प राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद खाली ठेवून सही केली. एकेक अक्षर, आणि शेवटी वरची रेघ, दोरी ताणल्यासारखी सरळ. बाईंनी कार्बनखालची प्रत फाडून त्यांच्या हातात दिली. वॉचमनने माझं कार्ड परत केलं आणि बाबांना म्हणाला, “चाचा, हाथ में जादू है. लेकिन यहाँ नहीं.”

परतताना सिमेंटचे ट्रक समोरून येत होते. बाबा पुढे बसले होते, मांडीवर तो कागद. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो मागे दिला.

“छोट्या बाय, वाच बघू. मराठीत सांग.”

मी आरशात पाहिलं. मुलगीही आरशातच बघत होती, माझ्याकडे. माझे हात स्टिअरिंगवर होते, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

“आजोबांना दगड माहीत आहे,” ती म्हणाली. हळूहळू, शब्द शोधत. “दगड पडणार होता. म्हणून त्यांनी बसवला. रूल... नियम माहीत नव्हता. सॉरी.”

इतकं सलग मराठी ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

“एवढंच?” बाबा म्हणाले. “ओळी तर जास्त दिसतात.”

“इंग्लिशला जागा जास्त लागते, आजोबा.”

बाबा हसले. कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हे तिला कुठे शिकायला मिळालं ते मला माहीत होतं.

रविवारी आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बॅगा दिल्या, बोर्डिंग पास त्यांच्या हातात आला. आत जायच्या दारापाशी त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि तो कागद माझ्यापुढे धरला.

“हा तुझ्याकडं राहू दे.”

“का? घेऊन जा की. आठवण.”

“नको. वाडीत आता सगळी पोरं इंग्रजी वाचतात.”

ते हे रागाने म्हणाले नाहीत. मी कागद घेतला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते रांगेत गेले. रांगेच्या कडेला खांबांमध्ये निळे पट्टे ताणलेले असतात ना, त्यातला एक निसटून लोंबत होता. बाबा थांबले. मागचा माणूसही थांबला. त्यांनी तो पट्टा ओढून खाचेत बसवला, एकदा हलवून पाहिला, आणि मग पुढे गेले.